एक खोका मामंजींचा, एक माझा

कानाच्या डॉक्टरांनी मला एका काचेच्या खोलीत बसवलं, डोक्यावर हेडफोन चढवले आणि हातात बटण दिलं. टूं वाजलं की दाबायचं. मी इतकं मन लावून दाबत होते, की काहीच वाजत नसतानाही चार-पाच वेळा दाबलं. पेपर कोरा सोडायचा नाही ही शाळेतली सवय. बाहेर आल्यावर त्यांनी मला ग्राफ दाखवला. रेघ चांगली सरळ निघाली होती आणि पुढे जाऊन बागेतल्या घसरगुंडीसारखी खाली आली होती. उजवा कान डाव्यापेक्षा जास्त घसरलेला. बारीक, उंच आवाज गेलेत, म्हणाले. पुढच्या महिन्यात मशीन येईल, ते लावायचं.

"मशीन लावल्यावर गाणं कसं ऐकू येईल?" मी विचारलं.

"सब सुनाई देगा, माताजी. म्यूझिक थोड़ा अलग लगेगा शुरू में. आदत हो जाएगी."

थोडं वेगळं म्हणजे किती, ते त्यांनी सांगितलं नाही. मशीनची मला लाज नाही. चष्मा झाला, कवळी झाली, आता कान. पण घरी येताना रिक्षात मी ठरवलं, की ते मशीन कानात जायच्या आत एक गाणं, फक्त एकच, आपल्या उघड्या कानांनी पूर्ण ऐकायचं. कारण ते गाणं मी वीसेक वर्षं ऐकलं आणि अर्धंच ऐकलं. चूक माझीच होती. वर त्या चुकीचा मला गर्व होता.

तेव्हा आम्ही जुन्या शहरात, मल्हारगंजात राहायचो. एकामागे एक तीन खोल्या. पुढे बैठक, मध्ये झोपायची खोली, शेवटी स्वयंपाकघर. बैठक मामंजींची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची. मिलच्या ऑफिसातून रिटायर झालेले, गाण्याचे शौकीन. रविवारी सकाळी त्यांचे दोन-तीन मित्र यायचेच, आणि पोहे खाऊन मगच गाणं ऐकायचे. अशा घरात माझ्या नवऱ्यानं स्टीरिओ रेकॉर्ड प्लेअर आणला. त्याच्याबरोबर लाकडी खोक्यांतले दोन स्पीकर.

आता तेव्हाची मी कशी होते तेही सांगायला हवं. अठ्ठावीस वर्षांची, बी.ए. झालेली, कॉलेजच्या गायनस्पर्धेत उत्तेजनार्थ बक्षीस मिळालेली. त्या उत्तेजनार्थवर ती बाई सात-आठ वर्षं मान ताठ ठेवून फिरत होती. दोन खोके बघितल्याबरोबर तिच्या डोक्यात उजेड पडला. ऐकणारी माणसं दोन खोल्यांत, खोकेही दोन. मग एक बैठकीत आणि एक स्वयंपाकघरात! एकाच खोलीत दोन दोन कशाला?

बैठकीत बसायला मला कोणी मनाई केली नव्हती, हे खरं सांगते. मामंजी कितीदा म्हणायचे, "सूनबाई, बस की इथे घटकाभर." पण सासऱ्यांच्या मित्रांसमोर सुनेनं ऐसपैस बसून गाणं ऐकायचं नाही, हा नियम मीच केला होता आणि मीच पाळत होते. त्यात एक ऐट होती. आपण नाही म्हटलं की आपण फार घरंदाज दिसतो, असं तिला वाटायचं. कोणाला दिसत होतं, देव जाणे. पोहे ढवळताना बघायला कोण येतंय?

ह्यांनी दोन दिवस स्टुलावर चढून दारांच्या चौकटींवरून तार ओढली. ओट्याच्या वरच्या फळीवर, डाळीच्या डब्यांशेजारी, माझा खोका बसला. मी त्याला लगेच कव्हर शिवलं, जाड मांजरपाटाचं, क्रॉसस्टिचचा पोपट काढलेलं. आमच्या घरात मिक्सर, टीव्ही, शिलाई मशीन, कोणीच उघडं राहत नसे, मग स्पीकर कसा राहील? आवाज त्या पोपटातून गाळून यायचा.

शेजारणी बघायला आल्या. "वहिनी, स्टीरिओ म्हणजे नेमकं काय हो?"

"स्टीरिओ म्हणजे एक सासऱ्यांना, एक सुनेला," मी सांगितलं.

माझ्या या विद्वत्तेवर गल्लीतल्या आणखी दोन घरांनी खोके वेगळे केले. एकीनं तर दुसरा गच्चीवर नेला, पापड वाळत घालताना करमणूक म्हणून. 

मामंजींची एक लाडकी रेकॉर्ड होती. एक बाई सकाळचा राग गायच्या, साथीला सारंगी आणि तबला. दर रविवारी ती लागायचीच. स्वयंपाकघरात मला बाईंचा आवाज यायचा आणि सारंगी अगदी कानाशी. तबला मात्र शेजारच्या घरात कोणी दार ठोकतंय इतपत. मी ठरवून टाकलं होतं, की तबलजी आळशी आहे. रात्री जागरण झालेलं दिसतंय बिचाऱ्याचं. आणि तिकडे बैठकीत मामंजी एका ठरावीक जागी "क्या बात है!" म्हणून मांडीवर थाप मारायचे. माझ्या इथे त्या जागी काहीही होत नसे. सारंगी एक सूर धरून बसलेली, बाई गप्प. मला वाटायचं, मित्रांसमोर शान मारतात.

एकदा चहा घेऊन गेले तेव्हा राहवलं नाही. म्हटलं, "मामंजी, इथे असं काय झालं हो?"

"तबला ऐकला नाहीस?"

"ऐकला की. पेंगत वाजवतो."

मित्र कपात बघायला लागले. मामंजींनी माझ्याकडे पाहिलं, रागानं नाही, नवलानं. मग म्हणाले, "सूनबाई, तुझा कान अजून कच्चा आहे. बस, परत लावतो."

"पोळ्या व्हायच्यात," मी म्हटलं आणि तरातरा आत आले. उत्तेजनार्थ बक्षीस मिळालेल्या कानाला कच्चा म्हणतात! चार दिवस मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. मामंजी त्यानंतर बरीच वर्षं होते. त्या जागी थाप मारत राहिले, आणि मी आत नाक मुरडत राहिले.

हे सगळं कळलं गेल्या उन्हाळ्यात. आता आम्ही शहराबाहेर, राऊला, फ्लॅटमध्ये राहतो. ते खोके घर बदलताना कोणाला तरी देऊन टाकले. नात कॉलेजमधून आली, सोफ्यावर माझ्याजवळ लवंडली आणि तिच्या कानातलं इअरफोनचं एक बोंड काढून माझ्या कानात घातलं. "आजी, तुझी ती वाली बाई मिळाली बघ मला." तीच रेकॉर्ड! मी डोळे मिटून ऐकायला लागले, आणि थोड्या वेळात उठून बसले.

"ही ती नव्हे. हा दुसरा तबलजी आहे."

"तीच आहे ना, आजी."

"अगं, मी ओळखते त्याला. तो पेंगतो. हा किती तयारीचा आहे!"

"पेंगतो? मला तर तबलाच नाही येत आहे इकडे. नुसतं ते व्हायलिनसारखं काहीतरी."

आम्ही एकमेकींकडे बघितलं. मग बोंडं बदलली. माझ्याकडे सारंगी आली, पोपटाशिवाय, पण तीच माझी स्वयंपाकघरातली. तबला गेला शेजारच्या घरात.

"आजी," नात म्हणाली, "हे स्टीरिओ आहे. लेफ्टमध्ये तबला, राइटमध्ये सारंगी. तुला माहीत नव्हतं?"

मी तिला मल्हारगंजची तार सांगितली. ती हसून हसून सोफ्यावरून खाली आली. मीही हसले, पण पोटात कुठेतरी मामंजी "कच्चा कान" म्हणत होते, आणि ते बरोबर होते. मग दोन्ही बोंडं घालून बघितली. गाणं डोक्याच्या आत वाजायला लागलं, जसं कोणी कवटीत बैठक मांडलीय. दहा मिनिटांत कानाला खाजही सुटली. मला ते खोलीत हवं होतं, समोर, दोन बाजूंना दोघे आणि मध्ये बाई. त्यात कानाचा तो ग्राफ आला. म्हणून स्पीकर घ्यायचे ठरले, आणि मशीन यायच्या आत.

ह्यांना सगळं सांगितलं तेव्हा हे पेपर खाली न घेता म्हणाले, "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"डब्यात पुस्तिका आली होती. त्यात चित्र होतं, दोन्ही स्पीकर एका खोलीत, समोर माणूस."

"आणि तुम्ही बोलला नाहीत? वीस वर्षं?"

"तू म्हणालीस, एक स्वयंपाकघरात पाहिजे. मी म्हटलं, पुस्तिका लिहिणाऱ्याला कुठे पोळ्या लाटायच्यात?" मग पेपर जरा खाली आला. "आणि तार ओढून झाली होती."

आता या माणसावर रागवायचं की काय करायचं? मी चहा केला.

नातीनं मला शिकवायला घेतलं. हल्लीच्या स्पीकरांना वेगळा अॅम्प्लिफायर लागत नाही, तो पोटातच असतो. त्याला अॅक्टिव्ह म्हणतात. गाणं फोनवरून हवेतून जातं, म्हणून वायरलेस. नाव बुकशेल्फ स्पीकर, पण पुस्तकांच्या शेल्फमध्ये कोंबायचे नाहीत, कारण बऱ्याच जणांना मागे भोक असतं, आणि भोक भिंतीला चिकटलं की सगळ्याचा ढोल होतो. मी एकेक विचारत होते, ती एकेक सांगत होती. वायरलेसला विजेची तार लागते का? लागते. दोन स्पीकरांच्या मध्ये तार असते का? कधी असते, कधी नसते.

"म्हणजे बिनतारी म्हणायचं आणि दोन-तीन तारा ओढायच्या!"

"आजी, तू माझे मजे घेतेयस."

घेत होते. पण मला खरंच जाणूनही घ्यायचं होतं. अठ्ठावीसच्या वर्षी हे चार प्रश्न विचारले असते तर गच्चीवरचे पापड तरी अर्ध्या गाण्यातून वाचले असते.

दुकानात आम्ही तिघं गेलो. दुकानदारानं, चाळिशीचा असेल, पहिल्याच झटक्यात असं काही लावलं की काउंटरवरचं काचेचं झाकण थरथरलं. "आंटीजी, आप तो बेस देखो. सीधा छाती में लगेगा."

"छातीत जे लावायचं ते डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वीच लावलंय, भिया," मी म्हटलं. "तुम्ही आवाज कमी करा."

शेवटी दोन जोड्या उरल्या. एक काळी, मोठी, ऐटबाज. दुसरी लाकडी, बुटकी, शिसवी रंगाची. काळ्या जोडीत दोन्ही स्पीकर आपापल्या प्लगवर, मध्ये तार अजिबात नाही. लाकडी जोडीत एकाच्याच पोटात अॅम्प्लिफायर, आणि तिथून दुसऱ्याकडे जाणारी तार, तीन मीटर.

"काले वाले में देखो," दुकानदार म्हणाला, "बीच में वायर का झंझट ही नहीं. एक हॉल में रखो, एक किचन में. आंटीजी खाना बनाते-बनाते सुनेंगी."

हे एकदम पुढे सरकले. "बघ! एक तुझ्या ओट्यावर. आणि या वेळी स्टुलावर चढायलाही नको."

आणि काय सांगू, माझी मान हलली. होकारार्थी! सगळं कळलेलं असूनही डोळ्यांसमोर ओटा आला, मिक्सरच्या शेजारची जागा आली, कव्हरसुद्धा आलं. त्या अठ्ठावीस वर्षांच्या बाईनं आतून असा धक्का मारला, की मी "चालेल" म्हणणारच होते. नातीनं माझं कोपर धरलं. "आजी, अर्धं गाणं. परत?"

"आधी ऐकू तर द्या," मी सावरून घेतलं.

पण मला ते गाणं दुकानात ऐकायचं नव्हतं. पहिल्यांदा पूर्ण ऐकायचं ते एसी, गिऱ्हाईक आणि "भिया, केबल है क्या" यांच्या गर्दीत? मी म्हटलं, फक्त आलाप लावा, तबला सुरू व्हायच्या आत बंद. दुकानदार गोंधळला. आलाप दोन्हींवर गोडच वाटला. मग ठरवायचं कसं? गाणाऱ्या बाईंना मी समोर बसून कधी ऐकलेलं नाही, त्यांचा खरा आवाज मला काय माहीत?

तेवढ्यात सुचलं. "ह्यांचा व्हॉइस मेसेज आहे ना फोनवर? तो लाव."

नातीनं काळ्या जोडीवर लावला. सगळ्या दुकानात गरजलं, "अगं, दही संपलंय इथे. चक्का आणू का? फोन उचल ना!" हे निवडणुकीच्या सभेत चक्क्याचं आश्वासन देतायत असं वाटलं. दुकानदार हसला. मी ह्यांना स्पीकरांच्या मधोमध उभं केलं.

"आता तुम्ही म्हणा."

"काय म्हणू?"

"तेच. दही, चक्का, फोन."

"लोकांसमोर?"

"पन्नास वर्षं मी ऐकतेय, आज दुकान ऐकेल."

ह्यांनी म्हटलं, हळू आणि जरा ओशाळून. मग तोच मेसेज लाकडी जोडीवर. मी डोळे मिटले होते. शेवटच्या "उचल ना"मध्ये ह्यांचा आवाज नेहमी किंचित फाटतो, शिंक येणार असल्यासारखा. काळ्यावर तो फाटलेला भाग गुबगुबीत झाला होता. लाकडीवर तो होता तसाच फाटला. मी डोळे उघडून बघितलं, हे खरंच बोलतायत का. तोंड बंद होतं.

"हे," मी म्हटलं.

"आंटीजी, इसमें बेस कम है."

"ह्यांच्यातही कमीच आहे."

नातीला काळ्याचं अॅप आवडलं होतं, तिनं थोडी कुरकुर केली. ह्यांनी तीन मीटरच्या तारेकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "आणि किचन?"

"किचनला गाणं नको. मी बाहेर येऊन बसेन."

बोलायला सोपं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी खरंच बसायचं होतं. ह्यांनी माझा शिवणाचा टेप आणून मोजणी केली. दोन स्पीकरांत जेवढं अंतर, तेवढंच दोन्हींपासून खुर्चीपर्यंत, असं नातीनं वाचून दाखवलं. खुर्ची हॉलच्या मधोमध आली, जिथे आमच्याकडे कोणी कधी बसत नाही. तिथे बसून मला दात काढायला बसल्यासारखं वाटलं. बाईंनी पहिला सूर लावला आणि मी उठले, कुकरची शिट्टी राहिली होती. परत लावलं. मला आठवलं, दूध. नातीनं जाऊन गॅसच बंद केला आणि दारात हात पसरून उभी राहिली. "आता उठून दाखव."

बसले. उजवा कान कमी, म्हणून खुर्ची जराशी उजवीकडे सरकवली. आलाप झाला. आणि मग डावीकडून, कपाटाच्या पुढे, जिथे काहीच नव्हतं तिथे, तबला आला.

पेंगत नव्हता तो. बाईंच्या प्रत्येक ओळीच्या शेवटाशी तो आधीच जाऊन उभा राहत होता. उजवीकडे माझी सारंगी. मध्ये बाई, इतक्या जवळ की पदर सावरतील असं वाटलं. मी ह्यांच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर हे "मला माहीत होतं" म्हणाले असते.

मग मामंजींची ती जागा आली. बाई थांबल्या. सारंगीनं सूर धरला, मी हजार वेळा ऐकलेला. त्यावर तबल्यानं एक तुकडा टाकला, आणि सारंगी त्या धरलेल्या सुरातच किंचित हलली, जसं कोणी हसू दाबतं. तबल्यानं तेच पुन्हा, आणखी आगाऊपणे. सारंगी पुन्हा हलली. दोघांची थट्टा चालली होती! तो चिडवत होता आणि ती न चिडल्याचा आव आणत होती. ते हलणं मी वीस वर्षं ऐकलं होतं आणि मला वाटायचं, रेकॉर्डवर चरा आहे.

आणि तेव्हा लक्षात आलं, की सारंगी माझ्या खोक्यात होती. मामंजींना ती कधी धड ऐकूच आली नसणार. ते नुसत्या तबल्यावर थाप मारत होते. चिडवणारा त्यांच्याकडे, चिडणारी माझ्याकडे, आणि मध्ये एक झोपायची खोली. कान माझ्या एकटीचाच कच्चा नव्हता तर! मला इतकं हसू आलं की डोळ्यांतून पाणी आलं. पुसलं नाही, हात हलवला तर काही निसटेल असं वाटत होतं.

गाणं संपलं. "झालं ना पूर्ण?" नातीनं विचारलं.

"पूर्ण," मी म्हटलं. मग विचारलं, "आता सगळं एवढंच ना? तबला, सारंगी, बाई?"

"आणि ते मागचं. तानपुरा."

"तो तर मलाही ऐकू येतो. घुं घुं."

"ते नाही. त्याच्या वरती एक बारीक, चमकतं वालं आहे ना, सारखं चालू असतं."

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी मान हलवली, ह्यांनाही नव्हतं आलं. घसरगुंडीच्या खालच्या टोकाला बसलं असणार ते. उजवीकडे, डावीकडे कुठेच नव्हतं ते माझ्यासाठी. मल्हारगंजात होतं का? असेल. तेव्हा कान होते, पण पोपट मध्ये होता.

"कसं असतं ते? करून दाखव."

"तोंडानं? आजी, काहीही."

"कर ना. पुढच्या महिन्यात मशीन आलं की खरं ऐकीनच. पण काय ऐकायचं ते कळायला नको का?"

तिनं गाणं पुन्हा सुरू केलं, माझ्या डाव्या कानाशी येऊन बसली आणि नाकातून एक बारीक झिणझिण काढायला लागली. सुरात नव्हती. मी कान आणखी जवळ नेला. तबला यायच्या आधी तिचा श्वास संपला, तेव्हा म्हटलं, "थांबू नकोस."